०.५० च्या नळीत ०.४५ ची गोळी: ठासणीच्या रायफलसाठी गोळी आणि सॅबो कसे निवडावेत

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही मूळचे निपाणीचे, नोकरी ओहायोत. तिथल्या हरणाच्या हंगामासाठी ०.५० कॅलिबरची आजच्या पद्धतीची इनलाइन रायफल घेतलीत, म्हणजे तोंडाकडून भरायची पण बत्ती सरळ मागून लागणारी. सॅबोच्या, म्हणजे गोळीभोवती बसणाऱ्या प्लास्टिकच्या पेल्याच्या, पाकिटावर ०.५० x ०.४५ असं छापलेलं होतं, म्हणून दुकानातून ०.४५ च्या गोळ्या आणल्यात. त्या सॅबोसकट नळीत अर्ध्यावर जाऊन अडकतात, गोळी आत ढकलायच्या गजावर हातोडी मारावी लागते. दुसरं, ऑफिसातला मित्र कोलोराडोला एल्कच्या (हरणाची मोठी जात) शिकारीला चल म्हणतोय. तिथे हेच चालेल का? आणि तिसरं, खानापूरकडे मामांकडे शेतराखणीच्या परवान्यावर जुनी ठासणीची बंदूक आहे, तिच्यात हे सॅबो वापरता येतील का?

पहिल्याचं उत्तर तुम्ही पाठवलेल्या डब्यावरच आहे. गोळीचा व्यास ०.४५८ लिहिलाय. ती रायफलीची गोळी आहे, ०.४५-७० काडतुसासाठी बनवलेली. तुमच्या सॅबोला हवी ०.४५१ किंवा ०.४५२ ची, पिस्तुलाच्या मापाची. दोन्हींना दुकानदार ‘फॉर्टी-फाइव्ह’च म्हणतो. फरक सहा थाउचा (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि त्या सहा थाउंपायीच तुमचा गज वाकायला आलाय. हातोडी मारणं आजपासून बंद करा. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ‘नाही’ असंच आहे, त्याची कारणं पुढे देतो.

मी लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. निवृत्त झाल्यावर बेळगावात उद्यमबागेतल्या टूलरूममध्ये काम केलं, परवानाधारक बंदुकांची दुरुस्तीही करतो. इनलाइन रायफली आपल्याकडे दिसत नाहीत. त्या मी हाताळल्या मुलाकडे मिशिगनला राहायला जातो तेव्हा, त्याच्या शेजाऱ्यांबरोबर रेंजवर. पण नळी ती नळीच. टूलरूममध्ये बुश आणि शाफ्टची फिट ज्याने बसवली आहे त्याला सॅबो समजायला वेळ लागत नाही. माप थाउमध्ये बोलतो.

नळीवर कोरलेला ०.५० हा आकडा म्हणजे आट्यांच्या (नळीच्या आतल्या पीळदार चरांच्या) उंच कडांमधलं अंतर, तेही कागदावरचं. नळीच्या आतून जे चर फिरत गेलेले असतात त्यांच्या तळापासून तळापर्यंत मोजलं तर माप जास्त भरतं. इनलाइन नळीत चर साधारण पाचसहा थाउ खोल असतात, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून दहाबारा थाउ. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी बनवलेल्या जुन्या पद्धतीच्या नळीत ते याहून खोल असतात, कारण चिंधीच्या कापडाला शिरायला जागा लागते. कडांमधलं अंतरही प्रत्येक नळीत बरोबर पाचशे थाउ नसतं. कुणाची ५०० भरते, कुणाची ५०३. एकाच कंपनीच्या दोन रायफलींत हा फरक सापडतो. म्हणून मित्राच्या रायफलीत मऊ जाणारा सॅबो तुमच्या रायफलीत दगडासारखा बसू शकतो, आणि त्यात दोघांपैकी कुणाचीच रायफल खराब नसते.

सॅबो म्हणजे प्लास्टिकचा छोटा पेला. त्याच्या भिंतींना उभ्या चिरा देऊन पाकळ्या केलेल्या असतात, तळ अखंड असतो. गोळी नळीपेक्षा बारीक. मधली पोकळी हा पेला भरून काढतो. आट्यांची पकड सॅबोवर बसते, गोळी त्याच्या आत आवळलेली असल्यामुळे बरोबर फिरते, आणि नळीबाहेर पडताच वाऱ्याच्या माऱ्याने पाकळ्या उघडून सॅबो मागे पडतो. गोळी एकटी पुढे जाते. पाकिटावर पहिला आकडा नळीचा असतो, दुसरा गोळीचा. घोळ नेहमी दुसऱ्या आकड्यात होतो, कारण तो काडतुसाचं नाव सांगतो, गोळीचा व्यास नाही. ‘४५’ पिस्तुलाची गोळी ०.४५१ किंवा ०.४५२, रायफलीची ०.४५८. ‘४४’ म्हटली जाते ती मॅग्नमची गोळी प्रत्यक्षात ०.४२९ किंवा ०.४३०. ‘३८’ची ०.३५७ च्या आसपास. म्हणून डबा घेताना नावाकडे बघूच नका. व्यास तीन आकड्यांत लिहिलेला असतो तो बघा, आणि घरी आणून एक गोळी व्हर्नियरने स्वतः मोजा.

आता हिशेब करू. समजा तुमची नळी कडांवर ०.५०१ आहे. त्यात ०.४५२ ची गोळी, तर उरली जागा ४९ थाउ, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचोवीस. सॅबोची भिंत २५ थाउची धरली, तर गोळी बसवलेल्या सॅबोचा बाहेरचा व्यास ०.५०२ होतो. कडा त्यात किंचित रुततात, हाताच्या जोराने गोळी खाली जाते, पकड चांगली बसते. त्याच सॅबोत ०.४५८ घातली की बाहेरचा व्यास ०.५०८. आता सात थाउ प्लास्टिक दाबायचंय, आणि आत शिसं-तांब्याची गोळी आहे, ती दबत नाही. तुमचं नेमकं हेच झालं. ०.५० x ०.४४ च्या सॅबोत गोळी ०.४२९ ची, त्यामुळे भिंत जाड, ३६ थाउच्या घरात. जाड भिंत जास्त दाब सोसते आणि नळीतला बारीक फरक गिळते, म्हणून काही रायफलींना ४४ जास्त मानवते. ०.४५१ आणि ०.४५२ मधला एक थाउ मात्र बहुतेक सॅबोंत चालून जातो. नळी घट्ट असेल तर ०.४५१ घ्या, सैल असेल तर ०.४५२.

सॅबोचा रंग बघून माप ओळखू नका. रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. काही सॅबोंना बाहेरून उभ्या बारीक रेघा उमटवलेल्या असतात. भरताना त्या रेघा दबतात, त्यामुळे घट्ट नळीत ते गुळगुळीत सॅबोपेक्षा सोपे जातात. तुमच्या नळीत ०.४५२ ची गोळीसुद्धा जड गेली तर आधी हे वापरून बघा.

नळीचं खरं माप काढायला तासभरही लागत नाही. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री: गज तोंडातून आत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. टोक नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या प्लगपर्यंत पोचलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडे थांबलं तर आत बार आहे. रिकामी असेल तर मागचा प्लग खोला, नळी स्वच्छ पुसून तेलाचा हात फिरवा, आणि नळीपेक्षा थोडी मोठी अशी शुद्ध शिशाची मऊ गोळी लाकडी दांड्याने हळूहळू एका टोकाकडून दुसरीकडे ढकलून काढा. शिशावर आट्यांचे ठसे उमटतात. ठशातला खोलगट भाग म्हणजे कडांचं माप, उंचवट्याचा भाग म्हणजे चरांचं. मायक्रोमीटरने दोन्ही घ्या. आट्यांची संख्या विषम असेल, तीन किंवा पाच, तर समोरासमोर चर येत नाहीत आणि साधा मायक्रोमीटर खोटं माप दाखवतो. टूलरूममध्ये यासाठी व्ही-ऍन्व्हिल मायक्रोमीटर असतो. शिसं ढकलताना हाताला काय जाणवतं तेही लक्षात ठेवा. मधेच कुठे सैल पडलं किंवा कुठे अडलं, तर ती जागा गजावर मोजून लिहून ठेवा. नळीचं पोट तिथे फुगलेलं असू शकतं किंवा गंज असू शकतो, आणि अशा नळीला कुठलाही सॅबो घातला तरी नेम लागणार नाही.

माप जुळलं की शेवटचा निकाल हात देतो. सॅबो तोंडात बसवायला छोट्या दांड्याची एक थाप लागावी, मग पुढे गज एकसारख्या दाबाने खाली जावा. छातीचा जोर लावावा लागत असेल तर घट्ट आहे. नुसत्या गजाच्या वजनाने उतरत असेल तर सैल आहे, आणि सैल हे घट्टपेक्षा वाईट. शिकारीला चालताना नळी खाली झुकते, सैल गोळी दारूपासून पुढे सरकते. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली आणि बार उडाला तर नळी फुगते किंवा फाटते. अडकलेल्या गोळीचंही तसंच: अर्ध्यावर राहिलेली गोळी ‘उडवून टाकू’ असं चुकूनही करायचं नाही. आधी बत्ती काढा, मागचा प्लग खोला, दारू बाहेर ओता, आणि मगच गोळी मागून पुढे ढकलून काढा. तुमच्या रायफलीला प्लग सुटा होतो हे नशीब समजा. गजावर दोन खुणा करून ठेवा: एक रिकाम्या नळीची, एक तुमचा ठरलेला बार पूर्ण बसल्याची. प्रत्येक वेळी दुसरी खूण बरोबर तोंडाशी आली तरच बत्तीची टोपी लावायची. माझ्यासमोर कुणी खूण न बघता टोपी लावली तर मी त्याला रेंजवर पुढे उभं राहू देत नाही.

रेंजवर गेलात की लक्ष्याइतकंच लक्ष उडालेल्या सॅबोंवर द्या. ते पुढे काही पावलांवर गवतात पडलेले सापडतात. गोळा करून आणा आणि क्रमाने मांडा. पाकळ्या सगळ्या सारख्या वाकलेल्या, तळ शाबूत, बाहेरून आट्यांच्या तिरक्या रेघा स्पष्ट: हा सॅबो तुमच्या नळीला बसला. रेघाच नसतील तर तो आट्यांवरून घसरत गेला, गोळी नीट फिरली नाही. एखादी पाकळी तुटलेली आणि बाकीच्या धड असतील तर गोळीला सुटताना एका बाजूने धक्का बसला. लक्ष्याच्या कागदावरचे गोळ्यांचे गट पसरतात ते बहुतेक यामुळे. तळ वितळलेला किंवा भोक पडलेला दिसला तर गॅस पुढे निसटतोय. दारू कमी करा, किंवा दारू आणि सॅबोच्या मध्ये मापाची लोकरीची फेल्ट चकती घाला. तीन पेलेट (दारू दाबून केलेल्या वड्या), म्हणजे दीडशे ग्रेन (दारू-गोळीच्या मापाचं छोटं एकक), भरायची हौस नव्या लोकांना फार असते. रायफलीच्या पुस्तिकेत परवानगी असली तरी सॅबोच्या पाकिटावर काय मर्यादा लिहिली आहे ती बघा. दोन्हींतली जी कमी ती पाळायची. शंभर ग्रेनच्या आसपास तुम्हाला हवं ते सगळं मिळतं.

हे प्लास्टिक आहे हे विसरू नका. नळी तापली की सॅबो मऊ पडतो, थंडीत कडक होतो. ओहायोत डिसेंबरच्या सकाळी वीस फॅरनहाइटला जो सॅबो कष्टाने जातो, तोच जुलैत रेंजवर तिसऱ्या बाराला लोण्यासारखा उतरतो. म्हणून रायफलीचा शून्य, म्हणजे नेमाची जुळणी, शिकारीच्या हवामानात तपासा, आणि दोन बारांमध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. त्यात काजळीची भर. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपात मागे राहतं, आणि ती राख नळी बारीक करते. पहिला बार सोपा आणि तिसरा अडला तर दोष सॅबोला देऊ नका. ओलसर चिंधी फिरवा, मग कोरडी, मग भरा. प्रत्येक बारानंतर. काळ्या दारूऐवजी वापरायची पर्यायी दारू स्वच्छ म्हणून विकतात, तिलाही हा नियम लागू आहे.

आता आट्यांचा पीळ. यावर लोक कमी बोलतात, पण कुठली गोळी घ्यायची हे मुळात तोच ठरवतो. ‘एकास अठ्ठावीस’ म्हणजे अठ्ठावीस इंचांत गोळी एक फेरी घेते. गोळी जितकी लांब तितकी तिला जोरात फिरवावी लागते. अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ मध्ये याचं सोपं सूत्र दिलं: दीडशे गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी. उत्तर इंचांत. ०.४९० ची गोल गोळी घ्या, लांबी आणि व्यास एकच, म्हणून १५० x ०.४९ म्हणजे साडेत्र्याहत्तर इंच. जुन्या पद्धतीच्या रायफलींना एकास सहासष्टचा पीळ का असतो ते यातून दिसतं. आता ०.४५२ ची सॅबोतली गोळी घ्या, आठ दशांश इंच लांब: उत्तर अडतीस इंच. तुमच्या रायफलीचा पीळ एकास अठ्ठावीस, म्हणजे ती आरामात सांभाळते. पण मित्राकडे एकास सहासष्टची साइडलॉक, म्हणजे बाजूला घोडा असलेली जुन्या पद्धतीची, रायफल असेल तर तुमचा सॅबो तिच्यात घालून उपयोग नाही, गोळी कोलांट्या खाईल. एकास अठ्ठेचाळीस हा मधला पीळ आहे; त्यात गोल गोळी चालते, आखूड पूर्ण व्यासाची गोळीही चालते, लांब सॅबो गोळ्या मात्र बेभरवशाच्या. सूत्र अंदाजाचं आहे, वेग आणि गोळीची घडण यांनी थोडं इकडेतिकडे होतं, पण दुकानात उभं राहून निर्णय घ्यायला पुरतं.

वजनाचं फार डोक्यात घेऊ नका. हरणासाठी ४५ मध्ये अडीचशे ग्रेन, ४४ मध्ये दोनशे चाळीस, पुष्कळ झालं. लक्ष द्यायचं ते गोळीच्या घडणीकडे. पिस्तुलासाठी केलेली पोकळ टोकाची गोळी पिस्तुलाच्या वेगाला उमलायला बनवलेली असते. रायफलीच्या लांब नळीतून ती पुष्कळ जास्त वेगाने सुटते आणि जवळच्या जनावरावर फुटून वरच्यावर विखुरते. जनावर जखमी होऊन पळतं. असा बार कुणाच्या हातून होऊ नये म्हणून पैसे जास्त पडले तरी ठासणीच्या रायफलीसाठी म्हणून बनवलेलीच गोळी घ्या. पूर्ण तांब्याची घेतलीत तर तेवढ्याच वजनाला ती शिशापेक्षा लांब असते, कारण तांबं हलकं. पिळाचा हिशेब पुन्हा करा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तिकडे गेलात तर तांब्याशिवाय इलाज नाही. गोळीच्या बुडाचा आकारही सॅबोच्या तळाला जुळला पाहिजे. सपाट बुडाची गोळी सपाट तळाच्या सॅबोत, निमुळत्या बुडाची तिच्यासाठी केलेल्या खोलगट सॅबोत. गजाचं टोकही गोळीच्या टोकाला जुळणारं लावा, नाहीतर भरतानाच टोक चेपतं आणि प्रत्येक गोळी वेगळी होते.

दारूबद्दल दोनच गोष्टी. ‘ग्रेन’ इथे आकारमानाचं माप आहे, मापट्याने मोजायचं. पर्यायी दारू हलकी असते, ती तराजूवर शंभर ग्रेन तोलली तर बार जास्त होतो. आणि धूर न करणारी आधुनिक दारू, खास तिच्यासाठीच बनवलेली रायफल सोडली तर, चिमूटभरसुद्धा नाही.

कोलोराडोचं सांगतो. तिथल्या खास ठासणीच्या हंगामात सॅबो वापरायला बंदी आहे. पेलेटच्या स्वरूपातली दारूही चालत नाही, सुटी दारूच हवी. एल्कला किमान ०.५० कॅलिबर लागतं, तेवढं तुमच्याकडे आहे. गोळी एकतर गोल, नाहीतर पूर्ण व्यासाची लांबट, आणि तिची लांबी व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त नको. म्हणजे ०.५० ला जास्तीत जास्त एक इंच. ग्रीनहिलने तपासा: १५० x ०.२५ भागिले १, साडेसदतीस इंच. तुमचा अठ्ठावीसचा पीळ याला पुरेसा आहे, तेव्हा रायफल तीच न्या, फक्त गोळी बदला. मऊ शिशाची पूर्ण व्यासाची गोळी घ्या, बूड नळीत सरकेल असं आणि वरचा पट्टा कडांवर रुतेल असं. तुम्ही नळीचं माप काढलेलं असेल तर ते इथे कामाला येईल, कारण पूर्ण व्यासाच्या गोळीला प्लास्टिकचा आधार नसतो, एक-दोन थाउचा फरकसुद्धा जाणवतो. तळाला प्लास्टिकची टोपी चिकटवलेल्या गोळ्या मिळतात, त्या सॅबो मानायच्या की नाही हे त्या हंगामाच्या नियमपुस्तिकेत वाचा. आयडाहोतही ठासणीच्या खास हंगामात सॅबो चालत नाहीत. राज्य बदललं की नियम बदलतो, आणि तो दर हंगामाला नव्याने छापतात. जुन्या माहितीवर जाऊ नका.

नळीपेक्षा बारीक गोळी ही काही आजची कल्पना नाही, हेही जाता जाता सांगतो. १८५७ च्या असंतोषात ज्या एन्फिल्ड रायफलीची चरबी लावलेली काडतुसं गाजली, तिची नळी ०.५७७ आणि गोळी तिच्याहून बारीक, आधी ०.५६८ आणि पुढे ०.५५०. बार उडताना मऊ शिशाची ती पाचशे तीस ग्रेनची गोळी स्वतःच फुगून आट्यांत बसायची. कागद आणि चरबी याचसाठी: कागदाने पोकळी भरायची, चरबीने काजळी मऊ ठेवायची. आजचा सॅबो कागदाचंच काम प्लास्टिकने करतो.

आता मामांची बंदूक. तिच्यात सॅबो घालायचा नाही, आणि गोळीही मनाने घालायची नाही.

कारण पहिलं, तिच्या नळीला आटे नाहीत. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे, आणि खानापूर, चंदगडच्या पट्ट्यात घरोघरी दिसतात त्या बंदुका गुळगुळीत नळीच्या आहेत. सॅबोचं सगळं काम आट्यांनी दिलेल्या फिरकीवर. गुळगुळीत नळीतून तो वेडावाकडा सुटेल आणि गोळी आडवी होऊन जाईल. दुसरं, माप. तुमचा सॅबो ०.५० चा, बारा बोरची नळी ०.७२९ इंचांची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकीचा जो व्यास, तो बारा बोर. पण गावच्या जुन्या नळ्या या हिशेबात क्वचितच बसतात. तोंडाशी एक माप, बुडाशी दुसरं, मधे गंजाचे खड्डे. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, अशा नळीची भिंत किती उरली आहे हे बाहेरून कळत नाही. कनकुंबी, जांबोटीकडचा पाऊस माहीत असलेल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, आणि चार महिने भिंतीला टांगलेली बंदूक आतून खाल्ली जाते. नव्या पर्यायी दारूच्या पेलेट त्या नळीत जाता कामा नयेत.

मामांना माझ्याकडून एवढं कळवा. गजाची खूण करून बंदूक रिकामी आहे का ते आधी बघा. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आल्यावर तर हे केलंच पाहिजे, कारण मधल्या काळात कुणाला काही आठवत नसतं. आत जुना बार सापडला तर उडवायचा नाही, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. खंडेनवमीला पूजा झाली की हळदकुंकवाचं पाणी निपलच्या, म्हणजे टोपी बसते त्या बोंडाच्या, भोकात राहू देऊ नका. पुसून, तेल देऊन ठेवा. नळीवर प्रूफचा, म्हणजे नळी तपासून पास केल्याचा, छाप आहे का बघा. नसेल तर ती बंदूक न भरलेलीच बरी.

आणि जनावराचं. शेतराखणीचा परवाना हा शिकारीचा परवाना नाही. रानडुक्कर असो की गवा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण त्यांना आहे, आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, त्याच्या कडेला ज्यांची शेती आहे त्यांचं नुकसान मी डोळ्यांनी बघितलंय. पोटरीला आलेलं भात एका रात्रीत लोळवलेलं असतं, ऊस मुळापासून उपटलेला असतो. त्यांचा राग खरा आहे. तरीही वाट वनखात्याकडे पंचनामा करून भरपाई मागण्याची आणि परवानगीची आहे. माचाणावरून आवाजाचा बार काढणं वेगळं आणि गोळी घालणं वेगळं; गोळी घातली तर मामांचा परवाना जाईल आणि खटला मागे लागेल.

तेवढ्याचसाठी तुम्हाला शेवटचं सांगतो. दिवाळीला गावी येताना मामांना दाखवायला म्हणून सॅबो, गोळ्या, टोप्या किंवा पेलेट बॅगेत आणू नका, एकही नको. आपल्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि दारू, टोप्या विमानातच चालत नाहीत. फोटो आणा. आणि नळी मोजलीत की कडांचं आणि चरांचं माप मला कळवा, त्या मापाला रेघांचा सॅबो बसेल की गुळगुळीत, आणि कोलोराडोसाठी गोळीचा पट्टा किती थाउचा हवा, ते तुम्हाला आकड्यात सांगतो.